चंद्राची ओळ

नजीर मुन्शी बुधवारी डोंगर बंद करायचे आणि शुक्रवारी त्याच डोंगरात फिरायला जायचे. त्यांची ओळख मी नेहमी अशीच करून दिली. ऐकणारा हसला की त्यांनाही बरं वाटायचं.

ते गेल्याचं भगवानशेठच्या पत्रातून कळलं. पत्र चार ओळींचं होतं. त्यातली एक ओळ अशी, "शुक्रवारी नेलं, सुटीचा दिवस होता, लई माणसं आली." ते पत्र वहीत ठेवून मी पुष्कळ दिवस नुसता बसून होतो. आता सावकाश लिहितो आहे. घाई त्यांनाही आवडत नसे.

औरंगाबादच्या जंगल कचेरीत ते अहलकार होते, म्हणजे कारकून. निजामाच्या राज्यात डोंगरातली वाट बंद व्हायला कारणं पुष्कळ असत. कुठं लाकूडतोड चाललेली, कुठं उन्हाळ्यात गवत पेटायची भीती, कुठं वाघानं जनावरं मारलेली, तर कुठं सरकारी पाहुण्यांची शिकार. कारण कुठलंही असो, कचेरीतून इश्तिहार निघे आणि तो लिहायला मुन्शीजींपुढं येई. त्यांच्याइतकं देखणं उर्दू अक्षर कचेरीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. अमुक वाट अमुक तारखेपर्यंत बंद. एक प्रत कचेरीच्या फळ्यावर लागे, बाकीच्या डोंगराखालच्या गावांत आणि नाक्यांवर जात.

इश्तिहारातली तारीख सरकारी, म्हणजे फसली सनाची असे. आजूर, दै, बहमन, इस्फंदार हे महिने आम्हा नोकरदारांच्या रोजच्या सहीतले. गवत कापायला जाणाऱ्या बाईला मात्र इस्फंदार कधी लागतो आणि कधी संपतो याचा पत्ता नसायचा. म्हणून मुन्शीजी उर्दू मजकुराखाली आपल्या मनानं एक मराठी ओळ घालत. 'अमुक चंद्राच्या अमुक दिवसापर्यंत.' ही ओळ कुठल्या कायद्यात नव्हती आणि तिला कुणाची हरकतही नव्हती. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "अजी मास्तर, जंत्री विकत घ्यावी लागते. चंद्र सगळ्यांच्या अंगणात येतो."

मास्तर म्हणजे मी. गावातल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. शुक्रवारच्या फिरण्यातले तिसरे भगवानशेठ. त्यांचं शहागंजात कापडाचं दुकान होतं, आणि डोंगर चढण्यासारखा त्यांचा देह नव्हता. वैद्यानं चालायला सांगितलं म्हणून ते आमच्यात आले आणि वैद्य वारल्यावरही येत राहिले.

बुधवारी संध्याकाळी शेठच्या गादीवर शुक्रवारचा बेत ठरे. मुन्शीजी शेठचा पानाचा डबा पुढं ओढून त्यातल्या सुपाऱ्या गादीवर मांडत. ही म्हैसमाळची, ही वेरुळाच्या वरची, या पाच कन्नडच्या घाटाच्या. मग डब्यातल्या लवंगा घेत. जिथं वाट बंद, तिथं लवंग आडवी. सगळ्या लवंगा मांडून झाल्या की डोंगर मिटल्यासारखा दिसे. मुन्शीजी मात्र मान तिरकी करून बघत राहत आणि थोड्या वेळानं दोन लवंगांच्या मधून बोट फिरवत नेत. "इथून उतरायचं, ओढा धरायचा, आणि इथं वर निघायचं. कुणाची मनाई नाही." आठवडाभर स्वतःच्या हातानं घातलेल्या कुलपांमधून ते एक फट काढत, आणि तेवढ्यापुरते कचेरीतून पळालेल्या माणसासारखे दिसत.

बोलणं लांबलं की शेठचा हात नकळत गादीकडं जाई.

"शेठ, म्हैसमाळ खाल्लात तुम्ही."

"मग परवा जायचं नाय तिकडं. संपला डोंगर."

"लवंग पण गेली. म्हणजे वाट खुली करून टाकली. हा अख्त्यार तुम्हाला कुणी दिला?"

"डबा माझा हाय की," शेठ म्हणत.

बंद वाटांबद्दल मुन्शीजींना कधी चीड आली नाही. शेठ कुरकुरले की ते म्हणत, "वाटेलाही रजा लागते. रोज कोण हजर राहील?" हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा वेरुळाच्या वरच्या अंगाला आम्ही चुकून एका तोडीच्या नाक्यावर निघालो. पुढची वाट बंद होती. तिनं गेलो असतो तर अर्ध्या तासात खाली उतरलो असतो. नाक्यावरचा शिपाई मुन्शीजींना बघून उठून उभा राहिला.

"या की, मुन्शीजी. कागद तुमच्याच हातचा हाय. तुमाला कोन अडवनार?"

"म्हणूनच," मुन्शीजी म्हणाले, आणि मागं वळले.

पुढचे तीन कोस शेठ त्यांच्याशी बोलले नाहीत. माझ्याशी बोलले, पण ते सगळं मुन्शीजींना ऐकू जाईल अशा बेतानं. "मास्तर, काही काही लोकांला सोताचं अक्षर बी वाघावानी दिसतं." पळसाच्या सावलीत एक झरा लागला तेव्हा मुन्शीजींनी रुमाल भिजवून शेठच्या डोक्यावर घातला, आणि भांडण मिटलं.

डोंगरात त्यांचा एक नेम होता. वाट कागदावर खुली असली तरी चढण्याआधी ते थांबत. त्या वाटेनं वर जाणाऱ्या एकाला विचारत आणि खाली येणाऱ्या एकाला विचारत. "कागद एकदा वाचावा, वाट दोनदा विचारावी." वर जाणारा काय वाटेल ते सांगेल, त्याला अजून जायचं असतं, उतरणारा बघून आलेला असतो, असा त्यांचा हिशेब. उतरणारं कुणी भेटलं नाही तर ते दगडावर बसून राहत. यात आमचा पुष्कळ वेळ जाई. हा नेम म्हणजे कारकुनी सवय आहे, असं मला मनातून वाटायचं. शेठ ते तोंडावर बोलायचे.

आता ती गोष्ट सांगतो, जिच्यामुळं मी हे लिहायला बसलो.

थंडीचे दिवस होते. रमजान सरून ईद झाली होती. मुन्शीजींच्या घरचा शीरखुर्मा आम्ही खाल्ला होता. कन्नडच्या पुढं पळसखिंड म्हणून एक खिंड आहे, तिथली वाट शिकारीसाठी बंद होती. इश्तिहाराप्रमाणे ती ईदच्या चंद्राच्या चौथ्या दिवसानंतर खुली होणार होती. ईदनंतरच्या दुसऱ्या बुधवारी मुन्शीजींनी सुपाऱ्या मांडल्या, पळसखिंडीवरची लवंग उचलली आणि ती स्वतःच तोंडात टाकली. शेठ खूश झाले. त्या रात्री मुन्शीजींना ताप भरला. सकाळी त्यांनी निरोप पाठवला, तुम्ही दोघं जा, खिंड बघून या, मला येऊन सांगा.

गुरुवारी दुपारी आम्ही मोटारीनं कन्नडला गेलो, सराईत मुक्काम केला, आणि शुक्रवारी दिवस उगवता खिंडीखालच्या गावाशी पोचलो. नाक्याच्या खोलीला बाहेरून कडी होती. शिपाई नव्हता. भिंतीवर मुन्शीजींचा इश्तिहार होता. शेठना मराठी तेवढं वाचता येई, त्यांनी खालची ओळ मोठ्यानं वाचली. "ईदच्या चंद्राच्या चौथ्या दिवसापर्यंत. चौथा दिवस जाऊन आठवडा झाला. चला."

मी वरचं उर्दूही वाचलं. त्यात इस्फंदारमधली एक तारीख होती. ती मी वाचली, आणि अक्षर किती सुंदर आहे एवढंच माझ्या मनात आलं.

आम्ही वाटेच्या तोंडाशी आलो. वर जाणारं कुणी नव्हतं, खाली येणारंही कुणी नव्हतं. चिंचेखाली एक दगड होता, त्यावर मी बसलो.

"काय झालं?" शेठनी विचारलं.

"उतरणारं कुणी दिसलं नाही अजून."

"मुन्शीजी घरी हायेत. त्येंची सवय तरी घरी राहू द्या की."

"थोडा वेळ बघू."

"आन् आज कुणी नायच उतरलं, मंग? हितंच बिऱ्हाड करायचं का?"

मी का बसून राहिलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. शहाणपण म्हणून बसलो असं म्हणणं खोटं होईल. मुन्शीजी आले नव्हते, त्यांच्या वाटणीची एखादी गोष्ट कुणीतरी करायला हवी, असं काहीसं वाटलं. शेठनी फडकं सोडलं आणि भाकरी खायला घेतली. उन्हं चढली. गावातही सामसूम होती, एक गडी माणूस दिसेना.

तासदीड तासानं खिंडीतून डफांचा आवाज आला. मग पुष्कळ माणसांची एकदम आरोळी. मग बंदुकीचा बार, आणि लगेच दुसरा.

शेठच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

बाजूच्या टेकाडावरून एक बाई गवताचा भारा घेऊन उतरत होती. सारजाबाई तिचं नाव, पुढं आमची चांगली ओळख झाली. आम्हाला बघून ती थबकली.

"खिंडीत जायाचं म्हनता का काय? साहेबांचा हाका लागलाय तिकडं. आमचे समदे गडी हाक्याला गेलेत. बंदुका घेऊन बसल्यात मचानावर, ह्या अंगालाच तोंड करून."

"पण वाट खुली हाय ना," शेठ म्हणाले.

"कुनी सांगितलं? पुनवपातुर हाय की हाका."

आल्या आल्या सरळ वर निघालो असतो तर त्या वेळी आम्ही खिंडीच्या मधोमध असतो. मागून जनावरं उठवत येणारा हाका आणि समोर बंदुका. शेठनी हे मनातल्या मनात मोजलं असावं, कारण ते भाकरी तशीच फडक्यात बांधून दगडावर माझ्या शेजारी येऊन बसले.

दुपार कलताना कन्नडच्या रस्त्यानं एक माणूस येताना दिसला. चालत होता की पळत होता ते कळेना. जवळ आल्यावर ओळखलं. मुन्शीजी होते. टोपी हातात, डोळे तापानं लाल, आणि शेरवानीच्या खिशापासून खाली गुडघ्यापर्यंत काळा ओघळ. शाईची दौत खिशात घालून ते निघाले होते आणि ती वाटेत सांडली होती.

आम्हाला चिंचेखाली बसलेलं बघून ते दहा पावलांवर उभे राहिले. तिथूनच त्यांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, जणू काही कमी तर नाही ना याची खात्री करत होते. मग म्हणाले, "जेवलात का?"

आणि खाली बसले, धुळीतच.

शेठ आपल्या तांब्यातलं पाणी कुणालाही वरून ओतून देत. तशीच त्यांच्या घरची रीत होती, आणि मुन्शीजीही इतकी वर्षं ओंजळ धरत आले होते. त्या दिवशी शेठनी तांब्याच त्यांच्या हातात दिला. मुन्शीजींनी तो तोंडाला लावून रिकामा केला.

काय झालं होतं ते त्यांनी मग सांगितलं. शिकारीचा हुकूम रोज्यांच्या दिवसांत आला होता, तारखा इंग्रजी होत्या. सरकारी तारीख त्यांनी कचेरीच्या तक्त्यावरून घातली, ती बरोबर होती. चंद्राच्या ओळीसाठी घरच्या भिंतीवरची जंत्री बघितली. तेव्हा डिसेंबर चालू होता. शिकार जानेवारीत संपणार होती. भिंतीवरच्या जंत्रीत जानेवारी होता, पण तो सरून गेलेला जानेवारी होता. चंद्र दर साली अकरा दिवसांनी मागं सरतो. पंधराव्या दिवसाच्या जागी चौथा दिवस पडला. गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या बीबींनी नवी जंत्री भिंतीला लावली. तापात पडल्या पडल्या त्यांची नजर तिच्यावर गेली. पहाटेच्या पहिल्या मोटारीनं ते निघाले, आणि कन्नडपासून पायी आले.

"मी सगळ्या वाटेनं स्वतःला एकच विचारत होतो," ते म्हणाले, "उतरणारा भेटल्याशिवाय मास्तर चढले तर नसतील."

"मी चढलो असतो," शेठ म्हणाले. "ह्यांनी बसवून ठेवलं. तुमचा रोग ह्यांला बी लागलाय. बरं झालं लागला."

मुन्शीजी उठले. दौतीच्या तळाशी दोनचार थेंब उरले होते. त्यांनी बोरू काढला, नाक्याच्या भिंतीवरच्या इश्तिहारात 'चौथ्या' खोडून 'पंधराव्या' लिहिलं आणि बाजूला सही केली. मग डोंगराखालच्या आणखी दोन गावांत तोच कागद लागला होता, तिथं निघाले. ताप होता म्हणून आम्ही अडवून बघितलं. ऐकलं नाही. मग आम्हीही बरोबर गेलो. दोन्हीकडं गावकऱ्यांना ठाऊक होतं, हाका आहे, पुनवेपर्यंत आहे. "गावातल्या माणसाला आपला कागद लागतच नाही," परत येताना मुन्शीजी म्हणाले. "चूक बाधते ती फक्त वाचणाऱ्याला."

शेठनी मोटारीत त्यांना समजावलं. "हे आपल्या तिघांत राहील. कचेरीत कशाला सांगता? काही झालं का? नाय झालं."

"चूक कागदावर झाली शेठ. दुरुस्ती पण कागदावरच पाहिजे."

शनिवारी त्यांनी कचेरीच्या साहेबांपुढं स्वतःच लेखी कबुली ठेवली. साहेबांनी ताशेरा सांगितला. आता तो लिहायचा कुणी? कचेरीत चांगलं अक्षर एकच होतं. मुन्शीजींनी आपल्यावरचा ताशेरा आपल्याच बोरूनं सुवाच्य लिहिला, वाळू टाकून सुकवला आणि सहीला ठेवला. शेठना हे कळलं तेव्हा ते म्हणाले, "एक प्रत मला आणून द्या. इतकं चांगलं लिहिलेलं दुकानात चौकट करून लावीन."

ताशेऱ्यात एक हुकूमही होता. यापुढं इश्तिहारात सरकारी तारखेशिवाय दुसरी तारीख घालायची नाही. चंद्राची ओळ बंद झाली.

मुन्शीजींना ताशेऱ्याचं काही वाटलं नाही. ओळ गेल्याचं वाटलं. थंडी संपता संपता आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा सारजाबाईनं त्यांना गाठलंच.

"मुन्शीदादा, कागदावरचा चंद्र काढून टाकला व्हय? शिकारीचं आमाला ठावं असतं, आमचेच गडी जात्यात. पन गवताची बंदी कवा उठती त्ये कोन सांगनार? पाटील वाचतो, इस्फंदार म्हनतो. इस्फंदार कुठं उगवतो?"

मुन्शीजी चालू लागले. पुढच्या बुधवारी मात्र त्यांनी शेठच्या डब्यातलं एक पान काढून गादीवर ठेवलं, चुन्याच्या बोटानं त्यावर एक कोर काढली आणि आमच्याकडं बघितलं.

"ही तारीख आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"शेठ, ही तारीख आहे का?"

"हे माझं पान हाय. खराब केलं."

"बस. हुकूम तारखेचा आहे. चित्राचा नाही."

तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक इश्तिहाराच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक चंद्र असे. ज्या दिवशी वाट खुली होणार त्या दिवसाचा. कधी नखाएवढी कोर, कधी अर्धा, कधी पूर्ण गोल. साहेबांना ती नक्षी वाटली असावी. सुंदर अक्षर लिहिणाऱ्याला तेवढी नक्षी माफ असते. गावोगाव मात्र ती नक्षी बरोबर वाचली गेली. सारजाबाईनं पुढच्या खेपेला आम्हाला ताक पाजलं आणि कशासाठी ते सांगितलं नाही.

जंत्रीवर मुन्शीजींनी पुन्हा पूर्ण विश्वास टाकला नाही. मुदत संपली की ते फळ्यावरचा कागद लगेच काढत नसत. दिवसा असो की संध्याकाळी, चंद्र दिसेपर्यंत थांबत, आणि कागदावरचा व आभाळातला सारखा आहे असं बघूनच कागद उतरवत. कचेरीतले तरुण लोक यावर हसत. तेही हसत.

काही वर्षांनी माझी बदली परभणीला झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना भेटायला कचेरीत गेलो. एक गोष्ट माझ्या मनात त्या चिंचेखालच्या दिवसापासून होती, आणि ती बोलल्याशिवाय मला गाव सोडवेना.

ते बाहेर फळ्यापाशी उभे होते. मी म्हणालो, "मुन्शीजी, त्या दिवशी नाक्यावर मी दोन्ही ओळी वाचल्या होत्या. वरची तारीख बरोबर होती, आणि ती अजून यायची होती. मी रोज तीच तारीख घालून सही करतो. मला कळायला पाहिजे होतं. मी ताळा केला नाही."

ते फळ्याकडंच बघत होते. "मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. कन्नडच्या रस्त्यावर. चालताना मनात आलं, मास्तर उर्दू वाचतात, वरची ओळ बघतील, वाचतील. मग मनात आलं, नाही, मास्तर अक्षर बघत बसतील." ते हसले. "तेव्हा मग नुसती दुआ केली की थांबावं. थांबलात. आता त्याचं काय ओझं? चूक दोघांची होती, आणि दोघंही घरी आलो."

मला एकदम हलकं वाटलं. इतकं हलकं, की मी मूर्खासारखा त्यांच्या शेरवानीच्या खिशाकडं बघत राहिलो. शाईचा डाग तिथं अजून होता, धुऊन धुऊन फिका झालेला.

"जरा बघा," ते म्हणाले.

फळ्यावर म्हैसमाळच्या वाटेचा कागद होता. कोपऱ्यात अर्धा चंद्र. मी मान वर केली. पूर्वेकडं कचेरीच्या कौलांवर, उन्हातच, पांढुरका अर्धा चंद्र वर आला होता. मुन्शीजींनी एकदा कागदाकडं बघितलं, एकदा वर. मग पुन्हा कागदाकडं. मान हलवली. चारी कोपऱ्यांवरची खळ नखानं सोडवत त्यांनी तो कागद सावकाश, कुठंही न फाटू देता उतरवला.

"खुली," ते म्हणाले, आणि कागद माझ्या हातात दिला.